झेड ड्राइव्हवर लाल फुली, फाइली दिसत नाहीत: आधी काय बघायचं, कुठे थांबायचं

जळगाव, भुसावळ, धरणगाव, चाळीसगाव या पट्ट्यातल्या छोट्या ऑफिसांचं नेटवर्क मी बघतो. टॅक्सवाल्यांची ऑफिसं, डाळ मिल, जिनिंग, केळीचे व्यापारी, एखादी पतसंस्था. सगळीकडे मांडणी साधारण सारखीच असते, कोपऱ्यात एक कॉम्प्युटर नाहीतर नॅसचा डबा (नेटवर्कला जोडलेला, फाइली साठवायचा डबा), त्याला सगळे सर्व्हर म्हणतात, आणि बाकी टेबलांवरच्या मशीनवर तोच झेड ड्राइव्ह म्हणून दिसतो. आणि फोनही सगळीकडून सारखाच येतो, "भो, सम्दं उडी गयं!"

उडालेलं काहीच नसतं, जवळजवळ प्रत्येक वेळी. झेड ड्राइव्ह म्हणजे घर नाही, घराचा पत्ता आहे. पत्ता सापडला नाही म्हणून घर पडत नाही. पण हे नवीन माणसाला कोणी सांगितलेलंच नसतं, आणि विंडोजचा मेसेज असा असतो की बिघाड माझ्या मशीनमध्ये आहे, मधल्या वायरीत आहे की सर्व्हरमध्ये आहे हे त्यातून अजिबात कळत नाही. मग माणूस घाबरतो आणि घाबरून जे करतो त्यानेच खरं नुकसान होतं. म्हणून ही पोस्ट. ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलामुलींनी वाचावी म्हणून लिहितोय, जाणकारांना यातलं बरंच माहीत असेल.

लक्षणं, म्हणजे स्क्रीनवर काय दिसतं

झेड ड्राइव्हच्या चित्रावर लाल फुली. किंवा ड्राइव्ह उघडताना बराच वेळ हिरवी पट्टी सरकत राहते आणि मग "नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड", कोड झिरो एक्स ८००७००३५. किंवा युजरनेम पासवर्ड मागतं, टाकला की परत मागतं, परत टाकला की परत. किंवा "ॲक्सेस डिनाइड". किंवा ड्राइव्ह उघडतो पण फाइल उघडायला जाम वेळ, खिडकी पांढरी पडते आणि वर "नॉट रिस्पॉन्डिंग". किंवा फाइल उघडते पण सेव्ह होत नाही, दुसऱ्या कोणाकडे उघडी आहे म्हणतं. आणि सगळ्यात घाबरवणारं म्हणजे हिशोबाचा प्रोग्रॅम चालू होतो आणि कंपन्यांची यादी रिकामी.

या शेवटच्या बाबतीत हात जोडून सांगतो, काही प्रोग्रॅम डेटा सापडला नाही की "नवीन तयार करू का" विचारतात, तिथे नाही म्हणा. हो म्हटलं की त्याच नावाची कोरी कंपनी तुमच्या स्वतःच्या मशीनवर तयार होते, दोन तास त्यात एंट्री होतात, मग सर्व्हर परत येतो आणि आता दोन हिशोब झाले, ते एकत्र करायला कोणाला तरी रात्र घालवावी लागते. तसंच ड्राइव्ह बंद असताना जुनी कॉपी डेस्कटॉपवर घेऊन त्यात काम चालू ठेवायचं नाही. अगदीच अडलं असेल तर नवीन फाइल काढा, नावात आजची तारीख आणि तुमचं नाव घाला, आणि बाकीच्यांना मोठ्याने सांगा की मी वेगळी फाइल काढलीये.

कशालाही हात लावण्याआधी एक प्रश्न

शेजारच्या टेबलावर चालतंय का? बस, एवढंच विचारा. याला पैसे लागत नाहीत, अर्धा मिनिट लागतं आणि निम्मा शोध संपतो. शेजारी चालू असेल तर सर्व्हर ठीक आहे, बिघाड तुमच्या मशीनमध्ये किंवा तुमच्या वायरीत. सगळ्यांचंच बंद असेल तर तुमच्या मशीनमध्ये काही शोधत बसू नका, सर्व्हर नाहीतर स्विच बघा (स्विच म्हणजे सगळ्या लॅन केबल ज्यात जातात तो छोटा डबा, दिव्याचं बटण नाही). इथेच बहुतेक लोक चुकीच्या दिशेला जातात, सगळं ऑफिस बंद असताना एक जण आपलंच मशीन चार वेळा रीस्टार्ट करत बसतो.

"इंटरनेट तर चालू आहे" हे मला फोनवर रोज ऐकायला मिळतं. इंटरनेट चालू असण्याचा आणि सर्व्हर दिसण्याचा थेट संबंध नाही. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडलेला असेल तर यूट्यूब छान चालेल आणि सर्व्हर जन्मात दिसणार नाही, कारण सर्व्हर ऑफिसच्या राउटरवर आहे आणि तुम्ही दुसऱ्याच नेटवर्कवर. उलटंही होतं, ब्रॉडबँड बंद आणि झेड ड्राइव्ह एकदम व्यवस्थित.

आता स्वस्तातल्या गोष्टी

पहिली, लाल फुली असली तरी त्या ड्राइव्हवर डबल क्लिक करा. सकाळी मशीन चालू होताना विंडोज झेड ड्राइव्ह जोडायला जातं तेव्हा वायफाय अजून लागलेलंच नसतं, म्हणून ते फुली मारून पुढे जातं. क्लिक केलं की जोडलं जातं आणि फुली जाते. सर्व्हर विंडोजचा असेल तर तो १५ मिनिटं काही हालचाल नसलेलं कनेक्शन स्वतःहून सोडून देतो, जेवून आल्यावर फुली दिसते ती बऱ्याचदा यामुळे. हा बिघाडच नाही. उघडलं तर कामाला लागा.

दुसरी, सर्व्हर चालू आहे का ते जाऊन बघा. फोनवर विचारून नाही, उठून जाऊन. बऱ्याच ऑफिसांत सर्व्हर म्हणजे साधा डेस्कटॉपच असतो, त्यावर साधी विंडोज असते, आणि तो साध्या डेस्कटॉपसारखाच स्लीपमध्ये जातो. कोणी माउस हलवला की जागा होतो आणि सगळ्यांचं "आपोआप" चालू होतं, मग दुपारी परत बंद. असा येऊनजाऊन बिघाड असेल तर पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीपला "नेव्हर" करा, स्क्रीन बंद झाली तरी चालेल, मशीन झोपता कामा नये. आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरात कागद चिकटवा की हा बंद करायचा नाही. संध्याकाळी झाडूवाल्या मावशी बटण बंद करतात म्हणून त्यांच्यावर ओरडणारे मालक मी बघितलेत, त्यांना कोणी सांगितलंय का कधी?

तिसरी, लाइट. आपल्याकडे लाइट गेल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या. सर्व्हर युपीएसवर असतो, टेबलावरची मशीनं इन्व्हर्टरवर असतात, आणि मधला स्विचचा डबा भिंतीवरच्या साध्या प्लगवर असतो. लाइट गेली की तो बंद. सगळे पडदे चालू, सर्व्हर चालू, आणि तरी सगळ्यांना फुली. तो डबा जेमतेम काही वॅट खातो, त्याला युपीएसवर घ्या, राउटरलाही घ्या. लाइट आल्यावर चालू करण्याचा क्रम असा: आधी स्विच आणि राउटर, दोन तीन मिनिटं थांबा, मग सर्व्हर, तो पूर्ण चालू झाला की मग बाकीची मशीनं. क्रम का, तर मशीनला नेटवर्कमधला नंबर राउटर देतो. राउटरच उठलेला नसेल तर मशीन स्वतःच एक नंबर लावून घेतं, तो १६९.२५४ ने सुरू होतो, आणि त्या नंबरवरून सर्व्हर सापडत नाही. नेटवर्कच्या माहितीत हा १६९.२५४ दिसला की ओळखायचं, हे मशीन राउटरपर्यंत पोचलेलंच नाही, झेड ड्राइव्हचा विचार नंतर.

चौथी, वायर. मशीनच्या मागे जिथे लॅन केबल लागते तिथे लाइट लुकलुकतेय का? स्विचवर त्या केबलच्या खाचेची लागलीये का? नसेल तर केबल काढून परत टक आवाज येईपर्यंत दाबा. प्लास्टिकची ती छोटी जीभ तुटलेली असेल तर केबल दिसायला लागलेली असते आणि खुर्ची सरकली की सुटते. मग स्विचवरची खाच बदलून बघा, मग शेजाऱ्याची चालू केबल तुमच्या मशीनला लावून बघा. दुसऱ्याच्या केबलवर चाललं तर तुमची केबल गेली, नवीन केबल काही फार महाग नसते. गोडाऊनला लागून ऑफिस असेल तर उंदीर. जिनिंगमध्ये कापसाच्या सिझनला रुई पंख्यात जाऊन बसते, सर्व्हर तापतो आणि स्वतःहून बंद पडतो. मे महिन्यात भुसावळ जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात पत्र्याच्या केबिनमध्ये बंद कपाटात सर्व्हर ठेवला तर दुपारी दोन ते पाच "नेटवर्क प्रॉब्लेम" येणारच. दुपारचाच बिघाड असेल तर आधी कपाटाचं दार उघडा.

आणि एक वाईट प्रकार, सगळं ऑफिस एकदम ठप्प, इंटरनेटपण बंद, स्विचच्या सगळ्या लाइटी एकदम वेड्यासारख्या लुकलुकतायत. कोणीतरी सुटी दिसलेली केबल भलेपणाने परत स्विचमध्ये लावून दिलेली असते, म्हणजे एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये. सगळ्यात शेवटी कोणी कुठली केबल लावली ते विचारा आणि ती काढा, मिनिटाभरात सगळं परत येतं.

इथून पुढे जरा सेटिंगमध्ये जायचंय

सर्व्हर चालू, वायर ठीक, तरी नाही. आता नावाने आणि नंबराने दोन्ही प्रकारे हाक मारून बघा. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे सर्व्हरचं नाव टाकून एंटर. नाही उघडलं तर तसंच नावाऐवजी नंबर टाका, समजा \\१९२.१६८.१.१० (अर्थात टाइप करताना इंग्रजी कीबोर्डवरचे आकडे). नंबराने उघडलं आणि नावाने नाही, तर सर्व्हर, वायर, पासवर्ड सगळं ठीक आहे, फक्त नावावरून नंबर शोधण्यात अडचण आहे. ही फार कामाची माहिती आहे, टेक्निशियनला एवढं वाक्य सांगितलं तरी त्याचा बराच वेळ वाचतो.

डाव्या बाजूच्या "नेटवर्क" यादीत सर्व्हर दिसत नाही म्हणून तो बंद आहे असं समजू नका. ती यादी वेगळ्या सर्व्हिसवर चालते, ती सर्व्हिस झोपलेली असली तरी पत्ता टाकून सर्व्हर उघडतो. माझ्या मते त्या यादीवर विसंबूनच राहू नये.

नंबराने पण नाही? मग नंबर बदलला का ते बघा. ब्रॉडबँडवाला नवीन राउटर लावून जातो आणि सगळी मालिकाच बदलते, १९२.१६८.१ चं १९२.१६८.० होतं. किंवा रात्रभर सगळं बंद होतं आणि सकाळी राउटरने सर्व्हरला दुसराच नंबर दिला. सर्व्हरचा नंबर राउटरमध्ये कायमचा राखून ठेवता येतो, ते एकदा करून घ्या, दर काही महिन्यांनी येणारा हा त्रास बंद होतो.

विंडोजचा मोठा अपडेट झाल्यावर किंवा राउटर बदलल्यावर सर्व्हरचं मशीन आपलं नेटवर्क "पब्लिक" समजायला लागतं, म्हणजे आपण स्टेशनवरच्या वायफायवर आहोत असं धरून शेअरिंग बंद ठेवतं. सर्व्हरवर सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन "प्रायव्हेट" करा. हे ऑफिसच्या नेटवर्कलाच करायचं, हॉटस्पॉटला नाही. आणि फायरवॉल (नेटवर्कवरून नको ते आत येऊ न देणारा विंडोजचा पहारेकरी) पूर्ण बंद करून बघा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ती परत चालू करायची कोणाला आठवत नाही.

पासवर्ड परत परत मागतो

यात लोक सगळ्यात जास्त अडकतात, म्हणून जरा थांबून सांगतो. तो जो पासवर्ड मागतोय तो तुमच्या मशीनचा नाही, सर्व्हरवर तुमच्या नावाचं जे खातं आहे त्याचा. आणि पिन चालत नाही. मशीन उघडताना चार आकडी पिन टाकायची सवय असते, इथे तोच टाकला जातो, आणि तो त्याच एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवर त्याला काही किंमत नाही. युजरनेमच्या जागी आधी सर्व्हरचं नाव, मग एक उलटी तिरकी रेघ, मग तुमचं सर्व्हरवरचं नाव असं टाकून बघा, म्हणजे कुठल्या मशीनचं खातं ते नक्की होतं.

सर्व्हरवरचा पासवर्ड कोणी बदलला असेल तर तुमच्या मशीनमध्ये जुना साठवलेला असतो आणि तेच ते जुनं पाठवत राहतं. कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शिअल मॅनेजर, त्यात विंडोज क्रेडेन्शिअल्स, तिथे सर्व्हरच्या नावाची नोंद काढून टाका, मशीन रीस्टार्ट करा, नव्याने टाका. रीस्टार्ट का, तर एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या युजरनेमनी जोडू देत नाही विंडोज, जुनं कनेक्शन सुटल्याशिवाय नवीन लागत नाही.

नवीन लॅपटॉप घेतला आणि फक्त त्यावरच जुना सर्व्हर उघडत नाही, हा सध्याचा मोठा विषय. जुनी मशीनं फाइली शेअर करताना एसएमबी १ नावाच्या जुन्या पद्धतीने बोलतात. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस पसरला तो याच पद्धतीतल्या भोकातून, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अपडेटपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये ती आधीपासून चालू नसते. पुढे विंडोज ११ प्रो च्या २४एच२ या आवृत्तीमध्ये बिनपासवर्डचं पाहुणं म्हणून आत शिरणंही बंद झालं. यूट्यूबवर जुनी पद्धत परत चालू करायचे व्हिडिओ भरपूर आहेत. नका करू. दार परत उघडल्यासारखं आहे ते, आणि आत तुमच्या ग्राहकांचे पॅन, आधार, बँकेचे कागद आहेत. सर्व्हरवर प्रत्येकाच्या नावाचं खातं आणि पासवर्ड करा, नॅस असेल तर त्याचं सॉफ्टवेअर अपडेट करा, त्याला अपडेटच येत नसेल तर तो बदलायची वेळ झाली.

उघडतं पण सेव्ह होत नाही

फाइल दुसऱ्याकडे उघडी आहे म्हणतं, तर खरंच कोणाकडे आहे का विचारा. कोणाकडेच नाही? मग एखादं मशीन हँग होऊन तसंच बंद केलेलं असतं आणि सर्व्हरला वाटतं फाइल अजून त्याच्याकडेच आहे. सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्स, त्यात ओपन फाइल्स, तिथे कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. तिथून बंद करता येतं पण त्या माणसाला विचारल्याशिवाय करायचं नाही, त्याचं न सेव्ह केलेलं काम जातं.

"ॲक्सेस डिनाइड" आलं तर विंडोजमध्ये परवानगी दोन ठिकाणी असते, शेअरची वेगळी आणि फोल्डरची वेगळी, आणि दोन्हीतली जी कडक ती लागू होते. एका ठिकाणी दिली आणि दुसरीकडे राहिली हे नेहमीचं. ही परवानगी मालकाला विचारूनच बदला, पगाराचं फोल्डर मुद्दाम बंद ठेवलेलं असू शकतं.

डिस्क भरलीये का तेही बघा, सर्व्हरवर. आणि साध्या विंडोज १० किंवा ११ प्रो वर एका वेळी २० च मशीनं जोडता येतात, मार्चएंडला जास्तीची मुलं बसवली की उरलेल्यांना "नो मोअर कनेक्शन्स" येतं. तो बिघाड नाही, ती मर्यादा आहे.

इथे थांबायचं आणि माणूस बोलवायचा

सर्व्हरमधून टक टक किंवा खरखर आवाज येतोय. नॅसवर लाल किंवा नारिंगी लाइट लागलीये. "डिस्क फॉरमॅट करायची का" असं विचारतंय. जळका वास येतोय. यातलं काहीही असेल तर मशीन नीट शटडाउन करा (वास असेल तर सरळ मेन बंद) आणि परत चालू करून बघू नका. गेलेली हार्ड डिस्क प्रत्येक वेळी चालू केल्यावर अजून खराब होते. डिस्क दुरुस्त करायची कमांड, चेकडिस्क, अशा डिस्कवर चालवायची नाही. नॅसमधल्या डिस्क काढून जागा अदलाबदल करायच्या नाहीत. दोन डिस्कवर एकच माहिती आहे म्हणजे बॅकअप आहे असंही नाही, एका ठिकाणी फाइल उडवली की दोन्हीकडची उडते. डेटा महत्त्वाचा असेल तर जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये कोणाकडेही देऊन "बघा काय निघतं ते" असं करू नका, डेटा रिकव्हरीचंच काम करणाऱ्याला द्या, पहिला प्रयत्न योग्य माणसाचा असला तर शक्यता जास्त.

दुसरा प्रकार, फाइलींची नावं बदललीयेत, शेवटी भलतीच अक्षरं लागलीयेत, फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी आहे. लगेच सगळ्या लॅन केबल काढा, वायफाय बंद करा, बॅकअपची डिस्क जोडलेली असेल तर ती आधी काढा. मशीन बंद करू नका, फॉरमॅट करू नका, चिठ्ठीचा फोटो घ्या आणि जाणकाराला बोलवा. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार असे प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचे असतात, तेही त्याच्याशी बोलून करा.

नवीन माणसाला कमी घाबरवायला

हे मी आता प्रत्येक ऑफिसात करतो. झेड ड्राइव्हला राइट क्लिक करून नाव बदलायचं, "ऑफिसच्या फाइली, सर्व्हरवर". नुसतं झेड वाचून कोणाला काय कळणार? सर्व्हरच्या डब्यावर नाव आणि नंबर लिहिलेली पट्टी. प्रत्येक टेबलाजवळ एक छोटा कागद, त्यावर सर्व्हरचं नाव, नंबर, तो कुठल्या खोलीत आहे, आणि कोणाला फोन करायचा. पासवर्ड मात्र त्या कागदावर नाही.

आणि फोन करताना चार गोष्टी सांगा: एकाचंच बंद आहे की सगळ्यांचं, काल आणि आज यात काय बदललं (लाइट, राउटर, अपडेट, टेबल हलवलं), नंबराने उघडतंय का, आणि मेसेजचा पूर्ण फोटो, कोडसकट. मेसेज बंद करून "काहीतरी एरर आली होती" असं सांगू नका ताई, तो कोडच आम्हाला लागतो. दुरुस्त झाल्यावर टेक्निशियन निघायच्या आधी त्याने नेमकं काय बदललं ते एका वहीत त्याच्याच हाताने लिहून घ्या, तारखेसकट, आणि ती वही सर्व्हरच्या शेजारीच ठेवा.